भोपळ्याच्या पोटातला रंग

मंडळी, परसातल्या वेलाला घागरीएवढा भोपळा लागला की आपल्याला केवढा हरिख होतो! पण भोपळ्याची खरी पारख त्याच्या पोटात. चिरून बघू या.

गर फिकट असला तर सत्त्व कमी. गर्द केशरी असला तर तो नुसता रंग नव्हे. त्यापासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले की पोरांना रातांधळेपणा येतो. दिवेलागणीला ती ठेचकाळतात. असे दिसले तर लगेच दवाखाना गाठू या.

एरवी तेलाच्या फोडणीची भाजी पोरांना वाढू या. तेलामुळे ते सत्त्व अंगी लागते.

गर्द गराच्या पिकल्या भोपळ्याचे बी वाळवून राखू या. मधमाशी दुसऱ्या वेलाचा पराग आणते, म्हणून सगळी फळे तशीच निघत नाहीत. तेव्हा दरसाल चिरायचे, बघायचे, मगच बी धरायचे.