रक्ताचे नाते : वैद्यक, समाज आणि साहित्य

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या कुरुंदवाड येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या प्रत्येक संमेलनात एक वाक्य हटकून कानी पडते : ‘आपण सारे एका रक्ताचे.’ याच व्यासपीठावरून आम्हीही ते अनेकदा उच्चारले आहे व त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. आज आयुष्याच्या उतरणीवर ते वाक्य एकदा तपासून पाहावे असे वाटले, म्हणून हा विषय निवडला. आम्ही वैद्य नव्हे, पंडितही नव्हे. आयुष्यभर मुलांना शिकविले, त्या सवयीने बोलतो. ते गोड करून घ्यावे.

आपल्या आयुर्वेदाने सप्तधातूंत रसाच्या पाठोपाठ दुसरे स्थान रक्तास दिले. सुश्रुतसंहितेत जळवा लावून दूषित रक्त काढण्याचा स्वतंत्र अध्याय आहे. रक्त हृदयापासून निघून फिरून हृदयाकडेच येते, हा सिद्धान्त इंग्लंडातील विल्यम हार्वे याने १६२८ साली ग्रंथरूपाने मांडला. मग एकाचे रक्त दुसऱ्यास देता येईल काय, हा प्रश्न उभा राहिला. १६६७ साली फ्रान्समध्ये डेनिस नामक वैद्याने कोकराचे रक्त माणसास देऊन पाहिले. पुढे एक रोगी दगावला आणि त्या प्रयोगांस बंदी आली. काही रोगी वाचत व काही मरत, हे कोडे व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली उलगडले. माणसांच्या रक्तात निरनिराळे गट असतात आणि न जुळणारे रक्त मिसळले की त्याच्या गुठळ्या होतात, हे त्यांनी दाखविले. त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, १४ जून, आज जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

या शास्त्रात आपल्या महाराष्ट्राचाही एक मानाचा अध्याय आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना असे काही लोक आढळले की, ज्यांचे रक्त नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ गटासारखे दिसे. परंतु ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. ‘ए’ आणि ‘बी’ हे गुण ज्या पायावर उभे राहतात, तो ‘एच’ नावाचा पायाच त्यांच्या रक्तात नव्हता. या गटास ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव पडले. मुंबईच्या परिसरात हा गट सुमारे दहा हजारांत एकाचा असतो. युरोपात लाखो माणसांत एखादाच. अशा रोग्यास केवळ त्याच गटाचे रक्त चालते.

बंधुभगिनींनो, यातून आपल्याला दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली कडू आहे. हा गट आईबाप या दोघांकडूनही तोच दुर्मिळ अंश आला तरच उद्भवतो; म्हणून जवळच्या नात्यांतील लग्नांत तो अधिक संभवतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या या दक्षिण भागात जुनी आहे. ती कोणी दुष्टबुद्धीने घातलेली नाही. परंतु जी रक्ते फार जवळची, त्यांतले लपलेले दोषही एकत्र येतात, हे आता ठाऊक झाले आहे. थॅलेसेमियाचेही असेच. आई आणि बाप दोघेही त्याचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. आपल्या वधूवरसूचीत गोत्र, रास, नाडी यांचे रकाने असतात. लग्नापूर्वी थॅलेसेमियाची तपासणी झाली आहे किंवा नाही, एवढा एक रकाना त्यांत वाढवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. वधूवरांचा गट एकच असला की लग्न वर्ज्य, ही समजूत मात्र निराधार आहे. माता आर-एच निगेटिव्ह आणि मूल पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर बहात्तर तासांच्या आत एक इंजेक्शन द्यावे लागते. म्हणून गट आधी ठाऊक असलेला बरा.

दुसरी गोष्ट गोड आहे. त्या दुर्मिळ गटाच्या रोग्यासाठी डॉक्टर प्रथम त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त तपासतात. तेथे रक्ताचे नाते अक्षरशः उपयोगी पडते. परंतु भावंडांत ते न मिळाले, तर मग शोध सुरू होतो तो परगावचा, परभाषेचा, परधर्माचा. नेहमीच्या गटांचीही हीच कथा. सख्ख्या दोन भावांचे गट न जुळावेत आणि बाजारात शेजारून गेलेल्या अनोळखी माणसाचा जुळावा, हे रोज घडते. ज्ञाती, गोत्र, कूळ यांची एकही खूण रक्ताच्या पिशवीवर नसते.

तरीही माणसाने तेथेही भिंती बांधून पाहिल्या. अमेरिकेत रक्तपेढ्यांचे शास्त्र उभारण्यात चार्ल्स ड्र्यू या कृष्णवर्णीय डॉक्टरांचा मोठा वाटा. परंतु दुसऱ्या महायुद्धात तेथील रेडक्रॉसने गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रक्त निराळे ठेवले. ड्र्यू यांनी त्यास शास्त्राधार नसल्याचे स्पष्ट सांगितले. ती प्रथा १९५० साली सुटली, त्याच वर्षी ते निवर्तले. आम्हांस हे वाचून अमेरिकेस नावे ठेवण्याचा अधिकार नाही. येथून जवळच माणगाव आहे. तेथे १९२० सालच्या मार्च महिन्यात परिषद भरली. शाहू महाराज आणि तरुण आंबेडकर एका मंडपात होते. त्याच आंबेडकरांनी पुढे १९३६ साली ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या निबंधात असा विचार मांडला की, रक्ताचे मिश्रण झाल्याखेरीज माणसामाणसांत आप्तभाव उपजणार नाही. ज्ञातिसभेत हा विचार सांगणे काहींस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या कुरुंदवाडात मशिदींत गणपती बसतो, त्या गावाने तरी तो ऐकून घ्यावा.

आता साहित्याकडे वळू. आपली मराठी या एका शब्दाभोवती किती फुलली आहे पाहा : रक्त आटविणे, रक्ताचे पाणी करणे, रक्त सळसळणे, रक्त गोठणे. कष्ट, शौर्य आणि भय ही तिन्ही एकाच द्रव्यात मावली. पुराणांतल्या रक्तबीजाचे रक्त भूमीवर सांडले की थेंबागणिक नवा दैत्य उभा राही. वैर कसे वाढते, याचे याहून नेमके चित्र आम्हांस ठाऊक नाही. शेक्सपिअरच्या मॅकबेथची राणी निद्रेत हात धूत राहते आणि डाग जात नाही; शिरवाडकरांनी हे नाटक ‘राजमुकुट’ या नावाने १९५४ साली मराठीत आणले. त्यांच्याच ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) पोटच्या मुलांच्या घरात थारा न उरलेल्या म्हाताऱ्याला आसरा देतो तो रस्त्यावर बुटांना पॉलिश करणारा पोरगा. डॉक्टरांच्या परीक्षानळीने जे सांगितले, तेच नाटककाराने रंगभूमीवर सांगितले.

शेवटी एक कबुली देतो; ती दिल्यावाचून हे व्याख्यान खोटे ठरेल. पुष्कळ वर्षांपूर्वी एका रात्री आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील दाराशी आले. मुलास अपघात झालेला, मिरजेस नेलेले, रक्त हवे होते आणि आमचा गट जुळत होता. वर्गात रक्ताभिसरणाचा धडा आम्ही दरसाल शिकवीत होतो. तरीही त्या रात्री आम्ही अंगात कणकण असल्याचे सांगितले. कणकण नव्हती, भीती होती. ते गृहस्थ नमस्कार करून गेले. मुलगा वाचला, कोणा अनोळखी माणसाच्या रक्ताने. ते गृहस्थ आजही घाटावर भेटले की आधी हात जोडतात, आणि आमची मान खाली जाते.

पुढे धीर आला, पण ‘आज नको, उद्या’ म्हणता म्हणता वर्षे गेली. आता नियम असा की, पूर्वी कधीही रक्त न दिलेल्या माणसाकडून साठीनंतर ते घेत नाहीत. आमच्याजवळ आज इच्छा आहे, परवानगी नाही.

तुमच्याजवळ दोन्ही आहेत. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे पाच लिटर रक्त असते; एका वेळी घेतात ते साडेतीनशे किंवा साडेचारशे मिलिलिटर. पुरुषास तीन महिन्यांनी, स्त्रीस चार महिन्यांनी पुन्हा देता येते. साठविलेल्या तांबड्या पेशी फार तर बेचाळीस दिवस टिकतात, आणि रक्त कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. २०१९ च्या महापुरात कृष्णा आणि पंचगंगा यांनी आपल्या गावास कसे वेढले, ते आपण पाहिले आहे. अशा वेळी दात्यांची यादी हाताशी असणे हीच खरी ठेव.

म्हणून विनंती एवढीच : पुढील संमेलनाचा आरंभ रक्तदान शिबिराने व्हावा, आणि त्याचे दार साऱ्या गावास खुले असावे. आपले रक्त कोणाच्या अंगात गेले, हे आपल्याला कधीच कळणार नाही. तरीही ज्या दिवशी आपण ते देऊ, त्या दिवसापासून ‘आपण सारे एका रक्ताचे’ हे वाक्य उच्चारण्यास आपली जीभ अडखळणार नाही.