मेट्रो, आपण आणि मागचं फाटक

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे वेळेत हिशेब बंद करायची सवय आहे. काळजी नसावी.

सोसायटीच्या पंचवीस वर्षांवर बोला असं चिटणीसांनी सांगितलं. पाण्याचा टँकर, गळती, पार्किंग यांवर बाकीचे वक्ते बोललेच आहेत. मी बोलणार आहे मेट्रोवर. कारण या पंचवीस वर्षांत आपल्याला एकमेकांची खरी ओळख झाली ती पौड रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते त्या काळात.

24 डिसेंबर 2016 ला पुणे मेट्रोचं भूमिपूजन झालं. आपण गच्चीत बसून चहा पीत चर्चा केली होती, की आता वनाझहून रामवाडीला थेट जाता येईल. कुणीतरी म्हणालं, "आपल्या हयातीत होईल का?" सगळे हसले. हसणाऱ्यांपैकी तिघं आज आपल्यात नाहीत, आणि मेट्रो मात्र धावते आहे.

मग पत्रे लागले. रस्त्याच्या मधोमध निळे-पांढरे पत्रे, दोन्ही बाजूंना उरलेली चिंचोळी वाट, आणि धूळ. धुतलेले कपडे वाळत घालायचे तरी कुठे, हा घरोघरी प्रश्न. रात्री यंत्रं चालायची तेव्हा कपाटातली भांडी वाजायची. दहावी-बारावीची मुलं कानात बोळे घालून अभ्यास करायची. पुलाच्या अलीकडून पलीकडे जायला बसला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात चालणारा माणूस घरी जाऊन चहा करून पिऊन होई. 2020 च्या टाळेबंदीत काम थांबलं, तेव्हा शांतता झाली खरी, पण अर्धवट खांबांकडे बघून पोटात गोळा यायचा.

बँकेत मोठ्या प्रकल्पाला कर्ज देताना आम्ही एक रक्कम वेगळी धरत असू : बांधकाम काळातलं व्याज. कारखाना सुरू होईपर्यंत उत्पन्न शून्य, पण व्याज चालूच. ते कुणीतरी भरावंच लागतं. मेट्रोच्या बाबतीत पैशाचं व्याज सरकारने पाहिलं असेल. पण दुसरंही एक व्याज होतं, ते रस्त्याकडेच्या लोकांनी भरलं. त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही, म्हणून आज दोन नोंदी मी करतो. दोन्ही माझ्याच नावे टाकायच्या आहेत.

पहिली नोंद भाजीवाल्या मावशींची. आपल्या गल्लीच्या तोंडाशी त्या कित्येक वर्षं बसायच्या. पत्रे लागले आणि त्यांची जागा गेली. त्या मला येऊन म्हणाल्या, "दादा, तुमच्या फाटकाच्या आत, भिंतीकडेला चार महिने बसू द्या. झाडून देईन." मी तेव्हा चिटणीस होतो. मी म्हणालो, "मावशी, नियमात बसत नाही." कार्यकारिणीपुढे विषयसुद्धा ठेवला नाही. आठ-पंधरा दिवस त्या हातगाडी घेऊन फिरल्या, मग दिसेनाशा झाल्या. आज स्थानकाच्या जिन्याखाली भाजीवाले बसतात, धंदा चांगला होतो. मी प्रत्येक वेळी बघतो. त्यांत त्या नाहीत. नियमात बसत नव्हतं हे खरं, पण नियम आपणच केलेला होता आणि सभा बोलवायला मला एक कागद पुरला असता.

दुसरी नोंद मागच्या फाटकाची. नवीन मंडळींना ठाऊक नसेल. वाहतूक तुंबू लागली तसे दुचाकीवाले आपल्या आवारातून शेजारच्या सोसायटीच्या गल्लीत निघू लागले. एक दिवस एका गाडीने खेळणाऱ्या मुलाला घासलं. सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला, फाटकाला कुलूप. सूचना फलकावरची सही माझी. एक किल्ली पहारेकऱ्याकडे, एक माझ्याकडे. शेजारची मंडळी भेटायला आली होती, "पायी येणाऱ्यांपुरतं तरी उघडं ठेवा." मी त्यांना ठरावाची प्रत दाखवली.

त्या पावसाळ्यात गल्लीचं तोंड कुठल्याशा वाहिनीसाठी खणलेलं होतं. रात्री अडीचला तिसऱ्या मजल्यावरच्या नानांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका पुढून येऊ शकेना, ती फिरून मागच्या गल्लीत आली. फाटकाला कुलूप. पहारेकरी नवा, त्याला किल्ली सापडेना. मी मुलीकडे नाशिकला, आणि किल्ली माझ्या पाकिटात. आपली पोरं आणि पलीकडच्या सोसायटीतली पोरं यांनी दोन्ही बाजूंनी पहार घालून कुलूप तोडलं. नानांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. आपल्याकडे लिफ्ट नाही हे त्या रात्री सगळ्यांनाच नव्याने कळलं.

नाना आज पहिल्या रांगेत बसले आहेत, देवाची कृपा. त्यांनी किंवा वहिनींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. मी परत आल्यावर भेटायला गेलो, तर वहिनींनी चहा दिला. तो चहा मला फार जड गेला.

त्यानंतर आपण जे केलं ते वीस मिनिटांचं काम होतं. फाटकाच्या जागी वाकडे-तिकडे लोखंडी खांब बसवले, माणूस जाईल पण दुचाकी जाणार नाही असे. मोठं फाटक शेजारी, आणि त्याच्या किल्ल्या पाच घरांत. खर्च दोन्ही सोसायट्यांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला. हे आधी सुचलं असतं तर? पण आधी आपण एकमेकांशी बोलतच नव्हतो. त्यांना वाटे आपण शिष्ट, आपल्याला वाटे ते भांडखोर.

6 मार्च 2022 ला वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा पाच किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. पंतप्रधानांनी गरवारेपासून आनंदनगरपर्यंत प्रवास केला. दुसऱ्या दिवसापासून आपण सगळे नातवंडांना घेऊन सहलीसारखे गेलो आणि तसेच परत आलो. खरा उपयोग तेव्हा नव्हता, कारण गाडी गरवारेपाशी संपायची. 1 ऑगस्ट 2023 ला ती जिल्हा न्यायालय आणि पुणे स्टेशन ओलांडून रुबी हॉलपर्यंत गेली आणि न्यायालयापाशी पिंपरीकडची मार्गिका मिळाली, तेव्हा चित्र पालटलं. पुढे मार्च 2024 मध्ये रामवाडी, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला भुयारातून स्वारगेट. आज आपल्या सोसायटीतल्या मुली संध्याकाळी उशिरा एकट्या घरी येतात आणि घरचे निवांत असतात. मी स्वतः बॅग घेऊन स्टेशनला जातो, रिक्षावाल्याशी वाद न घालता. वाटेत खिडकीतून नदी दिसते. लकडी पुलावरून जाताना 2021 सालचा तो वाद आठवतो, मेट्रोच्या पुलाखालून विसर्जनाचे उंच रथ जाणार कसे म्हणून मंडळं हटून बसली होती. पुण्यात मेट्रोलाही गणपतीला विचारावं लागतं.

आणि स्थानकाकडे जायचा आपला जवळचा रस्ता कोणता? तेच मागचं फाटक. शेजारच्या सोसायटीतल्या आजी सकाळी त्यातूनच येतात आणि आपल्या बाकावर टेकून मग पुढे जातात.

आता मुद्द्यावर येतो. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ते फाटक पुन्हा बंद करण्याचा विषय आहे. कारण खरं आहे. लांबचे लोक मागच्या गल्लीत गाड्या लावतात आणि आपल्या आवारातून स्थानकाकडे जातात. कचरा करतात, मोबाईलवर मोठ्याने बोलतात. तक्रार करणाऱ्यांना मी दोष देत नाही, मीही एकदा तेच केलं होतं. पण माझी विनंती आहे, कुलूप हा पहिला उपाय नको. आधी शेजाऱ्यांबरोबर एकत्र बैठक घ्या. पहारेकरी दोघांत मिळून ठेवा, वेळा ठरवा, गाड्या लावण्याबद्दल महापालिकेकडे दोघांनी मिळून अर्ज करा. त्यातूनही जमलं नाही तर बोलू.

दुसरी गोष्ट. स्थानकापासून पाचशे मीटरच्या पट्ट्यात जास्त एफएसआय मिळतो, रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पाहून चारपर्यंत. त्यामुळे पंचवीस वर्षांच्या आपल्या इमारतीलाही विकासकांचे फोन येऊ लागले आहेत. पुनर्विकासाला निम्म्याहून थोडं अधिक बहुमत पुरतं. करायचा की नाही ते तुम्ही तरुणांनी ठरवा, मी अडवणार नाही. लिफ्ट मलाही हवी आहे. पण बहुमत मोजून झालं की उरलेल्यांची नावंसुद्धा वाचा. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढणं नानांना कितपत जमेल? भाडेकरू म्हणून राहणाऱ्या त्या दोन कुटुंबांचं काय? आणि नवीन नकाशात मागच्या वाटेसाठी चार फूट जागा आखलेली आहे का, हे कुठल्याही कागदावर सही करण्याआधी बघा.

जून 2025 मध्ये वनाझपासून चांदणी चौकापर्यंतच्या वाढीव मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. म्हणजे आता कोथरूड डेपोकडच्या मंडळींच्या दारात पत्रे लागणार. तिथे आपले नातेवाईक, मित्र आहेत. त्यांना मेट्रो किती छान आहे हे सांगालच. त्याबरोबर हेही सांगा, की पत्रे लागायच्या आधी शेजारच्या सोसायटीत जाऊन चहा पिऊन या. किल्ल्या पाच घरांत ठेवा. आणि दाराशी कुणी मावशी जागा मागायला आल्या तर सभा बोलवा.

माझी दहा मिनिटं संपली. नाना, तुमच्या वहिनींच्या हातचा चहा आज पुन्हा घ्यायचा आहे, येताना मागच्या फाटकाने येतो.