ट्रॅमच्या टोकाचें उद्यान

अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहराजवळ, मोनोंगाहेला नदीकांठच्या उंच कड्यावर, केनी नांवाच्या शेतकरी कुटुंबाची वनराई होती. लोक तेथें वनभोजनास जात. १८९८ सालीं एका ट्रॅम-कंपनीनें त्याच जागीं ‘केनीवुड’ हें क्रीडोद्यान उभारिलें. हेतु व्यापारी होता. कामगार रविवारीं घरीं राहत व गाड्या रिकाम्या धांवत. मार्गावर मौजेचें स्थळ असलें, म्हणजे सुटीच्या दिवशींहि तिकिटें खपत.

१९०६ सालीं उद्यान हेनिंगर व मॅकस्विगन या भागीदारांकडे आलें. त्यांच्या घराण्यांनीं तें शंभर वर्षें सांभाळिलें. १९२० सालीं दरीच्या नैसर्गिक उतारांवरून ‘जॅक रॅबिट’ ही लांकडी मार्गावरची गाडी सुरू झाली. पुढें ट्रॅम बंद पडली, आसपासचे पोलादाचे अनेक कारखाने थंडावले. तरी उद्यान टिकलें. १९८७ सालीं तें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलें. कंपनीनें आयडलवाइल्ड व लेक कंपौंस हीं जुनीं उद्यानेंहि आपलीशीं केलीं.

अखेर २००७ सालीं घराण्यांनीं सारा व्यवसाय एका स्पॅनिश कंपनीस विकण्याचें ठरविलें. मालक पालटले, परंतु आजोबा ज्या उतारावर डोळे मिटून घेत, त्याच उतारावर आज नातवंडें डोळे मिटतात. तिकिटांसाठीं लाविलेल्या बागेचें हेंच खरें उत्पन्न होय.