बैठकीआधीची बैठक

पाणीयोजनांच्या निमित्ताने गावोगाव बैठका घेण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. त्यातली एक बैठक अजून सलते. सार्वजनिक नळ कुठे बसवायचा, हा विषय. वेळ सकाळी अकराची, जागा देवळाचा सभामंडप. चार-पाच पुढारी बोलले, बाकीच्यांनी माना डोलावल्या, तासाभरात ठराव झाला. मी खूश! नळ बसला चावडीजवळ. वरच्या आळीतल्या बाया मात्र हंडे घेऊन चढ चढतच राहिल्या. "तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं. एक आजी म्हणाल्या, "अकरा वाजता आम्ही निंदणीला असतो, भाऊ. आणि आलो असतो तरी सासऱ्यांपुढे सुना बोलल्या असत्या होय?"

चूक माझीच होती. मी विषयपत्रिका तयार केली होती, बैठक नव्हे.

आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती का आहे, हे मला त्या दिवशी कळलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर याच्याही पुढचा मार्ग शोधला. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, शंका काढायच्या, बाहेरच्या जाणकारालाही विचारायचं. निर्णय मात्र ग्रामसभेत, गावकऱ्यांनीच, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. २००९ मध्ये या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे अशा चर्चांची मोठी तयारी होती.

पुढच्या गावात मी आधी घरोघर फिरलो. ठरवायचा प्रश्न एका वाक्यात लिहिला. वेळ बायांना विचारून, रात्रीच्या जेवणानंतरची ठेवली. त्यांची बैठक आदल्या दिवशी वेगळी घेतली. सभेत सगळ्यांना गोल बसवलं आणि जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायला सांगितलं. जो तो आपल्या घरापासून पाण्यापर्यंतची वाट दाखवू लागला. एरवी तोंड न उघडणाऱ्या सुनेनेही बोटाने चढ दाखवला. शेवटी कोणी, काय, कधीपर्यंत करायचं, हे मोठ्याने वाचून मगच सह्या घेतल्या.

या तयारीला आठ दिवस लागले, बैठकीला दीड तास. तुमच्या सोसायटीची सभा असो की बचत गटाची, बोलावणं धाडण्याआधी एवढंच पाहा : ज्याला हंडा उचलायचा आहे, त्याला त्या वेळी, त्या जागी येता येईल का? आणि आल्यावर बोलता येईल का?