गाडी थंड असताना पाहा



औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा वर्ग शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्या वर्गातला कराडजवळच्या गावचा एक मुलगा काही वर्षांनी माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, तेरा सीटची एक जुनी डिझेल गाडी बघितलीय. लग्नाची भाडी, देवदर्शन, शाळेची मुलं, असं काहीही करता येईल. तुम्ही एकदा येऊन बघाल का?" त्या आठवड्यात परीक्षा होत्या. मी विचारलं, "चालू होते ना? आवाज बरा आहे ना?" तो हो म्हणाला. मी म्हटलं, "मग घे."

आईचे दागिने गहाण ठेवून आणि पतपेढीचं कर्ज काढून त्याने गाडी घेतली. पहिल्या मोठ्या भाड्याला वऱ्हाड घेऊन तो चिपळूणला निघाला. कुंभार्ली घाट उतरताना काही झालं नाही. परतीच्या चढावर निम्म्या घाटात रेडिएटर उकळला आणि गाडी उभी राहिली. वऱ्हाड दुसऱ्या गाड्यांना हात करत घरी गेलं. इंजिन उतरवावं लागलं. पुढचे तीन महिने गाडी गॅरेजमध्ये होती आणि हप्ता चालू होता.

नंतर मी त्याला विचारलं, "बघायला गेलास तेव्हा इंजिन थंड होतं का?" तो आठवून म्हणाला, "नाही सर. आम्ही पोचलो तेव्हा गाडी चालूच होती."

आज मुख्यतः हेच सांगायचं आहे. जुनी डिझेल गाडी थंड असताना पाहा. बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून येतात.

याचं कारण इंजिनाच्या रचनेत आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबत जातो, इतकी की ती मूळच्या सोळाव्या किंवा विसाव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंबली जाते. दाबामुळे हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व नीट बसत नसले, की हवा निसटते, दाब कमी पडतो. तापलेलं इंजिन हा दोष बराचसा झाकतं. थंड इंजिनाला तो झाकता येत नाही.

म्हणून सकाळी लवकर जा, आणि शक्य तर अचानक जा. आधी हात इंजिनापाशी न्या. व्हॅनमध्ये ते पुष्कळदा ड्रायव्हरच्या बाजूच्या झाकणाखाली असतं. गरम लागलं तर "उद्या येतो" म्हणून परत फिरा. थंड असेल तर हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा आणि सेल्फ मारा. चांगलं इंजिन दोन-तीन सेकंदांत सुरू होतं. बराच वेळ घरघर करून, खोकत सुरू झालं तर दोष बॅटरीचा, हीटरचा, पंप-नोझलचा किंवा इंजिनाचा आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी स्वस्त आहेत. शेवटची कंबरडं मोडणारी आहे.

मग मागे जाऊन धूर पाहा. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर निघाला तर घाबरू नका. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. रिंगा, व्हॉल्वचे सील किंवा टर्बो तपासावा लागेल. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तो कधी एअर फिल्टर बदलून जातो, कधी नोझलच्या दुकानात नेतो.

इंजिन चालू असताना ऑईल भरण्याचं झाकण सैल करा. तिथून भकाभक वाफ आणि धूर येत असेल, तर मेकॅनिक म्हणतात, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय." रिंगांची झीज यातून कळते. ऑईलची पट्टी काढून पाहा. डिझेलच्या गाडीत ऑईल काळंच असतं, त्याला घाबरू नका. पण ते दुधी दिसलं तर पाणी मिसळलं आहे. पातळी खुणेच्या वर आणि वास डिझेलचा असेल, तर डिझेल मिसळलं आहे. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा तांबडा गंज दिसला तर सौदा तिथेच थांबवा. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीत हे दोन्ही होतं, असं नंतर गॅरेजवाल्याने सांगितलं. बघायला कोणी झाकण उघडलंच नव्हतं.

आता चक्कर मारा, पण सपाट रस्त्यावर पाच मिनिटं नव्हे. चार-सहा माणसं बसवा, एसी लावा आणि चढावर न्या. टर्बो थकलेला असेल तर चढावर दम लागतो. सपाटीवर परत आल्यावर गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी करून चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. मागच्या सीटपर्यंत गारवा पोचतो का तेही पाहा. क्लचसाठी हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. न पडता घोंघावत राहिलं, तर क्लचप्लेट गेली आहे. हे एकदाच करा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गिअर आपोआप सुटतो का, वेग घेताना मागून डिफरन्सचा हुंकार येतो का, ऐका. वाकून पाटे पाहा. क्षमतेपेक्षा जास्त माणसं वाहिलेल्या गाडीचा एखादा पाटा तुटलेला सापडतो.

ब्रेकची एक साधी परीक्षा प्रत्येकाला करता येते. डिझेलच्या गाडीत ब्रेकला जोर देणारी हवेची पोकळी एक वेगळा पंप तयार करतो. गाडी बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा, म्हणजे तो कडक होईल. मग पाय दाबून ठेवूनच गाडी चालू करा. पाय थोडा खाली गेला पाहिजे. नाही गेला, तर पंप, बूस्टर किंवा पाईपमध्ये दोष आहे. ज्या गाडीत दुसऱ्यांची मुलं बसणार आहेत, तिच्या बाबतीत हा दोष दुरुस्त झाल्याशिवाय व्यवहार करू नका.

शरीरही तपासा. कोकणातली गाडी असेल तर चटया उचलून तळ, पायरी आणि सरकत्या दाराचा रूळ पाहा. खारी हवा तिथूनच पत्रा खाते. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. ज्या ठिकाणी चिकटणार नाही, तिथे लांबी भरली आहे.

किलोमीटरचा आकडा शेवटी पाहा, कारण तो मागे फिरवता येतो. त्याऐवजी हिशोब करा. रोज दोनशे किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर वर्षाला साठ हजार होतात. पाच वर्षांच्या भाड्याच्या गाडीचा मीटर नव्वद हजार दाखवत असेल, तर पॅडलचं रबर, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरची सीट जे सांगतात तेच खरं.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो जाळून मोकळा व्हायला गाडी लांब आणि तापून धावावी लागते. तीन-तीन किलोमीटरच्या शाळेच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो तुंबतो, आणि बदलणं महाग पडतं. त्यामुळे अशी गाडी आधी कुठल्या कामाला होती, हे विचारा. मीटरवर इशाऱ्याचे दिवे आहेत का, पाहा. चावी फिरवल्यावर ते क्षणभर लागून विझले पाहिजेत. अजिबात लागत नसतील तर कोणी तरी मुद्दाम बंद केले असतील.

आणि कागद. चेसिसवर कोरलेला नंबर आरसी बुकातल्या नंबराशी स्वतः जुळवा. बँकेचा बोजा उतरला आहे का, पासिंग, परमिट, कर आणि विमा कधीपर्यंत आहे, दंडाच्या पावत्या किती थकल्या आहेत, ते पाहा. दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. तिकडच्या गाड्या स्वस्त मिळतात, म्हणून भुलू नका. परराज्यातल्या गाडीला ना हरकत दाखला लागतो आणि इथला करही भरावा लागतो, तो किमतीत धरा. गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो. "नंतर करू" म्हणून तो लांबवू नका. गाडी विकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्याच एका निकालात म्हटलं आहे. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते.

एवढं सगळं एका सकाळी होतं. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. त्याला पाचशे-हजार रुपये द्यावे लागले तरी ते इंजिन उतरवण्यापेक्षा फार स्वस्त आहेत. त्या दिवशी परीक्षा सोडून मी एक सकाळ काढली असती, तर त्या मुलाचे तीन महिने वाचले असते. ही बोच माझ्या मनात अजून आहे.

त्याचं पुढे बरं झालं. इंजिन नवं करून त्याने ती गाडी चार वर्षं चालवली आणि मग विकायला काढली. गिऱ्हाईक यायचं होतं त्या सकाळी मी त्याच्या दारात होतो. शेजारी म्हणाला, "जरा चालू करून ठेव, लवकर उठणार नाही ती." तो म्हणाला, "राहू दे. त्यांना थंडच बघू दे."