आपली बैठक आणि आपले स्नायू
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शरीरशास्त्राने आपल्या शिंपीकामाचा एका ठिकाणी मान राखला आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. कमरेच्या हाडापासून मांडीवरून तिरका उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूस पोहोचणारा एक स्नायू आहे; मनुष्यदेहातील सर्वांत लांब स्नायू तोच. त्याचे नाव ‘सार्टोरियस’. लॅटिन भाषेत ‘सार्टर’ म्हणजे शिंपी. मांडी घालण्याच्या आपल्या बैठकीवरून ते पडले, असे मानतात.

मान मिळाला, परंतु त्याच बैठकीचा जाचही वाट्यास आला. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी इ. स. १७०० मध्ये निरनिराळ्या धंद्यांतील व्याधींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शिंप्यांच्या बधिर पायांची व वाकलेल्या पाठीची नोंद आहे. सणाच्या मिरवणुकीत पोक काढून, लंगडत चालणारे हे कारागीर पाहून लोकांना हसू येई, असेही ते लिहितात. आज गुलमंडी-औरंगपुऱ्याकडील एखाद्या दुकानात डोकावावे. गादी जाऊन स्टूल आले, हाताच्या टाक्याऐवजी यंत्र आले. पाठीचा बाक मात्र तसाच आहे.

स्नायू ही निर्जीव दोरी नव्हे. ज्या लांबीत त्यास दिवसेंदिवस ठेवावे, तिच्याशी तो हळूहळू जुळवून घेतो. आठ-दहा तास मांडी दुमडलेली राहिली की जांघेतील स्नायू आखडतात. मग उठताना कंबर चटकन सरळ होत नाही. सुईकडे पाहताना मान पुढे जाते. डोक्याचे वजन सुमारे ४ ते ५ किलो. ते पेलण्यास मानेमागील स्नायू अखंड ताठ राहतात. अशा स्नायूत रक्ताचा ओघ मंदावतो, थकवा साचतो, आणि सायंकाळी खांद्यावर धोंडा ठेवल्यासारखे वाटते. कित्येकदा ठणका डोक्यापर्यंत चढतो.

तथापि, बाक दिसला म्हणजे दुखणे आलेच, असे नव्हे. आजचे तज्ज्ञ एकच आदर्श बैठक सांगत नाहीत. उत्तम बैठकही तासन्‌तास धरली तर जाचतेच. अपुरी झोप, गिऱ्हाइकाचा तगादा, मनाची काळजी यांनीही दुखणे बळावते. लहानपणी ‘ताठ बस’ म्हणून आम्हांस नेहमी दटावले गेले. ‘जरा ऊठ’ असे कोणी म्हटल्याचे स्मरत नाही!

खरी चिंता आहे ती लग्नसराईची. दुखते म्हणावे तर काम परत जाते, म्हणून घरची भगिनी फॉल-पिकोचा ढीग संपवते, मलम चोळून निजते, व सकाळी मुलांवर विनाकारण चिडते. धंदा सोडून संगणकापुढे बसलेले आपले तरुणही यातून सुटलेले नाहीत.

उपाय साधे आहेत. अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. एक गुडघा जमिनीवर टेकून, दुसरा पाय पुढे ठेवून जांघ सावकाश ताणावी. अर्धा मिनिट पुरे. कपडा डोळ्यांजवळ आणावा, डोळे कपड्याजवळ नेऊ नयेत. त्यासाठी टेबलाची उंची व भरपूर उजेड पाहावा. परंतु पायात बधिरपणा वा अशक्तता आली, किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मालिशवाल्याकडे न जाता तत्काळ घाटी रुग्णालय गाठावे.

समाजाच्या वतीने शिवणवर्ग चालवायचे झाल्यास पहिल्या दिवशी कातर धरण्याबरोबर हे उठणे-ताणणेही शिकवावे, आणि वर्गात अर्ध्या तासाने घंटा वाजवावी, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.