चष्म्याची बिजागरी

(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात शिक्षण, शिष्यवृत्ती, विवाहातील खर्च अशा महत्त्वाच्या विषयांवर विचार झाला. त्यानंतर चष्म्याच्या बिजागरीसारख्या, नखाहूनही लहान वस्तूविषयी बोलावयास मी उभा राहिलो याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटेल. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. आयुष्यभर मुलांना शिकविले एवढेच. परंतु या लहानशा वस्तूपायी आपल्या घरांतील किती वृद्धांचे वाचन बंद पडते, हे पाहिल्यावर गप्प बसवेना.

जुन्नर व आंबेगाव या आपल्या तालुक्यांत नेत्रसेवेचे काम मोठे आहे. नारायणगावचे मोहन ठुसे नेत्ररुग्णालय आणि त्यामागे उभे राहिलेले डॉ. मनोहर डोळे ही नावे आपल्या घरोघरी परिचित आहेत. डॉ. डोळे यांना भारत सरकारने २०२४ साली पद्मश्री देऊन गौरविले. शिबिरे भरतात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतात, नंबर काढून चष्मे दिले जातात. येथवर सर्व ठीक. पण चष्मा हाती पडला म्हणजे तो डोळ्यांवर चढलाच असे नव्हे. ज्याचा एकच हात चालतो, त्याचा चष्मा कोनाड्यातच राहतो.

माझ्या थोरल्या बंधूंना पक्षाघात झाला आणि उजवा हात लुळा पडला. डोळे उत्तम, बुद्धी शाबूत, पोथी समोर. परंतु मिटलेला चष्मा डाव्या हाताने उघडावयाचा कसा? एक काडी उघडावी तो दुसरी मिटे. एक कानावर टेकवावी तो दुसरी गालावर रुते. प्रत्येक वेळी वहिनींना हाक मारावी लागे. स्वाभिमानी मनुष्य दिवसातून दहा वेळा हाक मारीत नाही. हळूहळू त्यांनी हाक मारणे सोडले आणि त्याबरोबर पोथीही सोडली. पुढे घरातील मुलाने स्प्रिंगच्या बिजागरीची चौकट आणून त्यांची भिंगे तीत बसवून घेतली. आठ-दहा दिवसांच्या सरावाने ते स्वतः चष्मा लावू लागले आणि पोथी पुन्हा उघडली. भिंगे तीच, डोळे तेच. बदलली ती केवळ बिजागरी.

असे लोक थोडे नाहीत. कडबाकुट्टीत वा उसाच्या चरकात हात गमावलेले शेतकरी आहेत, संधिवाताने बोटे वाकलेल्या माता आहेत. आणि धडधाकट माणसाला तरी दोन्ही हात सदैव मोकळे कोठे असतात? एका हातात बैलाचा कासरा असतो, दुधाची किटली असते, आजीच्या कडेवर नातू असतो. अधूसाठी केलेली सोय अशी सर्वांच्याच उपयोगी पडते.

आता या वस्तूची रचना पाहू. पूर्वी चष्म्याला कानावर अडकणाऱ्या काड्या नव्हत्या; तो हाती धरावा लागे किंवा नाकावर चिमटवावा लागे. लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काड्या आल्या आणि १७५२ साली जेम्स आयस्कॉफ याने दुहेरी बिजागरीच्या काड्यांची जाहिरात केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्प्रिंगच्या लहान कळी असलेले नाकावरचे चष्मे निघाले. दोन बोटांनी कळी दाबली की ते नाकावर बसत. म्हणजे एका हाताने लावावयाचा चष्मा ही काही नवी कल्पना नव्हे. काड्यांचा चष्मा सर्वत्र रूढ झाला आणि दोन हात गृहीतच धरले गेले.

साध्या बिजागरीत चौकटीच्या व काडीच्या बारीक कड्या एकमेकींत बसवून त्यांतून स्क्रू घातलेला असतो. काडी काटकोनापर्यंत उघडते व तेथे अडते. एका हाताने चष्मा ओढून काढला की एकाच बाजूची काडी बाहेर ताणली जाते. रोजच्या ताणाने स्क्रू सैल होतो, चौकट वाकडी होते आणि भिंग डोळ्यासमोरून सरकते. तिरक्या नंबराच्या भिंगात तर एवढ्यानेही अक्षरे बिघडतात. म्हणूनच दुकानदार चष्मा दोन्ही हातांनी काढावयास सांगतात. पण ज्याला दुसरा हातच नाही, त्याला हा सल्ला काय कामाचा?

स्प्रिंगच्या बिजागरीत काडीच्या पोकळ टोकात एक सूक्ष्म स्प्रिंग असते. काडी काटकोनापलीकडे थोडी जाते आणि आपोआप परत येते. चांगल्या बनावटीत काडी अर्ध्यावर आणली की पुढे स्वतःच पूर्ण उघडते किंवा मिटते, आणि जेथे ठेवाल तेथे राहते. एका हाताच्या माणसाला हवे ते हेच: काडीने मध्येच लोंबकळू नये, थोडी बाहेर वाकावी आणि जागेवर परत यावी. मात्र स्प्रिंग बेताची हवी. फार ताठ असेल तर कानशिले दुखतात व दुबळ्या बोटांना ती उघडत नाही. शिवाय घाम व धूळ आत शिरून ती बिघडते आणि खेड्यात तिची दुरुस्ती कठीण पडते, हा तिचा दोष विसरू नये.

हे तत्त्व आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. अडकित्ता पाहा, आजोबा एका हाताने तो उघडीत व मिटीत. सांडशी एका हाताने तापलेले भांडे उचलते, कारण तिची रिबिट फार घट्टही नसते आणि फार सैलही नसते. चिमटा तर सोडताच स्वतः उघडतो. ज्या कारागिरांनी ही साधने घडविली, त्यांच्या वंशजांना चष्म्याची बिजागरी अवघड का वाटावी?

जर्मनीतील मार्टिन आउफमुट हे गणित व पदार्थविज्ञान शिकविणारे शाळामास्तर होते. गरिबांना परवडावा म्हणून त्यांनी स्प्रिंग-पोलादाच्या तारेचा चष्मा आणि ती तार विजेवाचून वाकविण्याचे हातयंत्र तयार केले, व २०१२ साली त्यासाठी संस्था काढली. एक शिक्षक एवढे करू शकतो, तर पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत काम करणारे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकणारे आपले तरुण या प्रश्नाला हात का घालणार नाहीत? बिजागरीजवळ अंगठा टेकण्यापुरता उंचवटा, स्क्रू सैल होऊ नये अशी योजना, आणि तालुक्याच्या दुकानात मिळणाराच सुटा भाग, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

तोवर आपण काय करावे? चौकट घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, ती एका हाताने उघडते काय. दुसरी, उघडलेली काडी चष्मा उलटा धरल्यावर आपोआप मिटत नाही ना. तिसरी, काडी हलकेच बाहेर वाकविली तर परत येते काय. चौथी, टेबलावर ठेवल्यावर दोन्ही काड्या सारख्या टेकतात काय. दोष येथेच दिसला तर चौकट तेथल्या तेथे बदलून मागता येते. ज्यांचा एक हात चालतो त्यांनी काड्या टेबलावर उघडाव्यात, चष्मा नाकाजवळच्या मधल्या भागी धरावा, प्रथम लुळ्या बाजूची काडी कानावर ठेवावी व मग दुसरी. काढतानाही मधोमध धरूनच काढावा. गळ्यात दोरी असावी.

माझी संस्थेला एकच विनंती आहे. ज्या शिबिरास आपण साहाय्य करू, तेथे नंबराबरोबर आणखी एक प्रश्न विचारला जावा: “आजोबा, दोन्ही हात चालतात ना?” उत्तर नकारार्थी आले, तर त्यांना स्प्रिंगची चौकट मिळावी आणि जास्तीचा खर्च संस्थेने सोसावा. वृद्धाला दृष्टी देणे हे पुण्यकर्म खरेच. पण ती दृष्टी कोणास हाक न मारता वापरता यावी, हे त्याहून मोठे. एका हाताने टाळी वाजत नाही हे खरे, परंतु एका हाताने चष्मा लागला पाहिजे आणि पोथी उघडली पाहिजे.